गणपतीआधी मंडळांना एक पत्र: बाळंतपणाची बिनपगारी रजा आणि नवऱ्याचा व्हिसा

रेडिंग, १० ऑगस्ट २०२५

प्रति,
ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

गणपती सतरा दिवसांवर आले. हॉलचं बुकिंग, मोदकांची ऑर्डर, लहान मुलांच्या कार्यक्रमाची तालीम, या सगळ्यात तुमचे दिवस कसे जात असतील याची मला कल्पना आहे. दोन वर्षं मीही प्रसादाच्या टेबलामागे उभी राहिले आहे. तरी हे पत्र आत्ताच लिहितेय, कारण मला जे सांगायचं आहे ते गणपतीच्या गर्दीतच सांगितलं गेलं पाहिजे. माझं नुकसान झालं तेही तिथेच, गेल्या वर्षी, आरती आणि जेवण यांच्या मधल्या अर्ध्या तासात.

मी नाशिकची. अकरा वर्षांपूर्वी शिकायला इथे आले, नोकरी लागली, पुढे आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळालं. डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकलाच लग्न झालं. नवरा तिथे पॉलिटेक्निकला शिकवतो. लग्नानंतर तो लगेच आला नाही, कारण सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, आणि त्यांना नेणं-आणणं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. निर्णय दोघांनी मिळून घेतला होता, त्याचा आजही पस्तावा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमची मुलगी इथे जन्मली. तो चार आठवड्यांची रजा काढून व्हिजिटर व्हिसावर आला, तिला न्हाऊ घालायला शिकला आणि परत गेला. मे महिन्यात सासरे गेले.

सप्टेंबरमध्ये, गणपतीत, मी साडेसहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन मंडळात आले. आता नवऱ्याला बोलावून घ्यायचं ठरलं होतं. व्हिसाच्या कागदपत्रांतलं ज्यांना कळतं असं सगळे म्हणतात, अशा एका काकांना मी गाठलं. विचारलं, मी अजून बाळंतपणाच्या रजेवर आहे, अर्ज करता येईल का? त्यांनी आपुलकीने, दोन मिनिटं विचार करून सांगितलं, "आत्ता तुझ्या खात्यात येतंय ते महिन्याला आठशे पौंड. त्यावर व्हिसा होत नसतो गं. रजा संपव, कामावर जा, सहा महिन्यांच्या पूर्ण पगाराच्या पे-स्लिपा जमव आणि मग अर्ज कर." शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी माना डोलावल्या. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी घरी आले, नवऱ्याला फोनवर सांगितलं, अजून वर्षभर थांबायला लागेल. तो म्हणाला, थांबू.

तो सल्ला चुकीचा होता. काकांनी तो मनापासून दिला होता, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचं नाव मी कोणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण हा सल्ला एकट्या काकांचा नाही. गेल्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या मराठी बायकांशी या विषयावर बोलले, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीने हेच ऐकलं होतं. म्हणून आधी नियम काय आहे ते नीट सांगते. कंटाळवाणं वाटेल, पण याच्यावाचून पुढचं कळणार नाही.

नवऱ्याला किंवा बायकोला इथे बोलावायचं तर बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावं लागतं. हा आकडा ११ एप्रिल २०२४ पासूनचा. त्याआधी, जुलै २०१२ पासून, तो १८,६०० होता, आणि ज्यांनी बदलाच्या आधी अर्ज केला त्यांना पुढच्या मुदतवाढीतही जुनाच आकडा लागू राहतो. नोकरी एकाच ठिकाणी सहा महिने झालेली असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या पे-स्लिपा आणि बँकेची स्टेटमेंट द्यायची. पगार ठरलेला असेल तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात खालचा पगार धरून वर्षाचा हिशोब होतो. येणाऱ्या माणसाचा भारतातला पगार या पहिल्या अर्जात धरत नाहीत. माझा नवरा तिथे कायम नोकरीत आहे, दहा वर्षं शिकवतोय, पण या हिशोबात त्याची किंमत शून्य.

आता रजेचं. भारतात आपल्या नातेवाइकांना वाटतं, तिकडे बरं आहे, वर्षभर रजा मिळते. वर्षभर मिळते हे खरं. पण भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि इथल्या बावन्न आठवड्यांचं गणित निराळं आहे. पगार मिळतो एकोणचाळीस आठवडे. त्यातले पहिले सहा आठवडे पगाराच्या नव्वद टक्के. पुढचे तेहतीस आठवडे सरकारने ठरवलेली ठोक रक्कम, जी गेल्या वर्षी आठवड्याला १८४.०३ पौंड होती, यंदा १८७.१८ आहे. शेवटचे तेरा आठवडे काहीच नाही. काही कंपन्या, काही सरकारी नोकऱ्या वरून भर घालतात. माझी कंपनी घालत नाही.

मग बिनपगारी रजा घेतलीच कशाला, असं कोणी विचारेल. मला विचारलंयही. नर्सरीत जागा फेब्रुवारीतच मिळणार होती. आईचे गुडघे असे की ती एकटी विमानाने येऊ शकत नव्हती. सासूबाई नुकत्याच एकट्या पडलेल्या. लेक अंगावर पीत होती आणि बाटली तोंडात धरत नव्हती. एचआरने फॉर्म पाठवला, त्यात बिनपगारी आठवड्यांपुढे रकाना होता, मी तेरा लिहिलं आणि सही केली. माझा वार्षिक पगार ३०,६००. नोव्हेंबरच्या पे-स्लिपेत तीन दिवसांचे पैसे आले. डिसेंबरची पे-स्लिप उघडली तर मिळकत ०.००, कपात ०.००, हातात ०.००. तिन्ही ठिकाणी सारखं. मी ती फोनवर बराच वेळ बघत बसले होते. नऊ महिन्यांची लेक माझ्या मांडीवर झोपली होती, रात्री चारदा उठणारी, आणि कागद म्हणत होता की या महिन्यात मी काहीही काम केलेलं नाही.

त्या शून्याने मला इतकं गप्प केलं की व्हिसाचा विषयच मी मनातून काढून टाकला. आणि नेमकं तेव्हाच, त्याच तेरा आठवड्यांत, दार उघडं होतं.

हे मला यंदा जूनमध्ये कळलं, जेव्हा मी पैसे भरून एका नोंदणीकृत सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे फिरवून ठेवलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. बाळंतपणाच्या, दत्तकाच्या किंवा आजारपणाच्या रजेचा पगार अर्जाच्या वेळी चालू असेल, किंवा अर्जाआधीच्या सहा महिन्यांत कधीतरी मिळालेला असेल, तर उत्पन्न मोजताना ती रजा सुरू व्हायच्या आधीचा काळ धरता येतो. म्हणजे मी सप्टेंबरमध्ये गणपतीत लेकीला घेऊन उभी होते तेव्हा माझा ३०,६०० चा पगार धरला गेला असता. रजेआधीच्या सहा पे-स्लिपा माझ्या कपाटात होत्या. कंपनीकडून एक पत्र लागलं असतं: नोकरी कधीपासून, पगार किती, रजा कधी सुरू झाली, रजेत काय मिळतं. बस्स. ऑक्टोबरमध्येही चाललं असतं. डिसेंबरमध्ये, त्या शून्याच्या पे-स्लिपेसकट, चाललं असतं.

बाईंनी विचारलं, "मग कामावर परत आलात तेव्हा काय केलं?" मी सांगितलं, चार दिवसांचा आठवडा घेतला. त्या काही बोलल्या नाहीत. पेन खाली ठेवलं फक्त.

चार दिवस घेतले कारण पाच दिवसांची नर्सरी परवडत नव्हती. आमच्या भागात दिवसाला सत्तर पौंड. सरकारकडून तेव्हा आठवड्याला नर्सरीचे पंधरा तास फुकट मिळत होते, तेही वर्षातले अडतीस आठवडे. चार दिवसांचा पगार झाला २४,४८०. बिनपगारी रजेने माझं बिघडवलं नव्हतं. रजेनंतर मी जे करायला गेले, चांगलं समजून, सहा पे-स्लिपा जमवायला, त्याने बिघडवलं. मे महिना उलटला तशी रजेच्या पगाराला सहा महिने होऊन गेले आणि तो परिच्छेद माझ्यासाठी संपला.

आता माझी गत अशी आहे. नवरा आला तर एक दिवस तो लेकीला सांभाळेल, मी पाच दिवस कामावर जाईन, आणि आमचं उत्पन्न २९,००० च्या वर जाईल. पण उत्पन्न आधी २९,००० च्या वर गेलं तरच नवरा येऊ शकतो. सल्लागार बाई म्हणाल्या, असा घोटाळा झालेली मी पहिली नाही. बहुतेक वेळा समोर बसलेली बाईच असते, असंही म्हणाल्या.

पगारात कमी पडतं ते बचतीने भरून काढायची सोय नियमात आहे. त्याचंही गणित सांगते, कारण मंडळात लोक म्हणतात, "थोडे पैसे दाखवायचे, होतं." थोडे नाही. कमी पडणाऱ्या रकमेच्या अडीच पट आणि त्यावर १६,००० पौंड. माझे कमी पडतात ४,५२०. अडीच पट म्हणजे ११,३००. अधिक १६,०००. एकूण २७,३००, आणि तेही खात्यात सहा महिने पडून असले पाहिजेत. अजिबात पगार नसेल तर ८८,५०० पौंड. माझा आकडा ऐकून सासूबाई फोनवर थोडा वेळ शांत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "निफाडची दोन एकर काढू या. नाहीतरी आता द्राक्षाकडे बघायला कोण आहे?" ती जमीन सासऱ्यांनी स्वतः सपाट केलेली आहे. मांडवाच्या तारा त्यांनी हाताने ओढलेल्या आहेत. मी नाही म्हटलं. त्या अजूनही दर आठवड्याला विचारतात.

बाकीचा खर्च वेगळाच. अर्जाची फी १,९३८ पौंड. एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला १,०३५, तो पहिल्या तेहतीस महिन्यांसाठी ३,१०५ होतो. टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा. अर्ज फेटाळला गेला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

आणि हे एकदाच करायचं नसतं. अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढ, पाच वर्षांनी आयएलआर, दर वेळी उत्पन्न पुन्हा दाखवायचं. पुढच्या टप्प्यांत नवऱ्याचा इथला पगार धरतात, तेवढा आधार असतो. तरी पंचविशी-तिशीतल्या बायकोसाठी ही नेमकी मुलं होण्याची पाच वर्षं. माझ्या ओळखीची एक मुलगी, पुण्याची, दुसरं मूल मुदतवाढीनंतरच होऊ द्यायचं म्हणून थांबली आहे. ती मला म्हणाली, डॉक्टर सांगतात उशीर करू नको आणि पे-स्लिप सांगते थांब. मला यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

माझी लेक आता दीड वर्षाची आहे. संध्याकाळी साडेपाचला, नाशिकला तेव्हा रात्रीचे दहा, आम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून जेवायला बसतो. ती वरणात बुडवलेला पोळीचा तुकडा उचलते आणि पडद्याला लावते. "बाबा, आ." तो तिकडे आ करतो. ती तुकडा दाबून धरते, तो त्याच्या तोंडात जात नाही, खाली घसरतो, मग ती दुसरा घेते. रोज फोनवर वरणाचा पिवळा डाग असतो. महिन्यापूर्वीपर्यंत ती हसायची. आता कधीकधी तुकडा लावते आणि फोनच्या मागे जाऊन बघते.

ही एका घरची गोष्ट नाही. २०१५ मध्ये इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरसाठी, म्हणजे मुलांच्या हक्कांकडे बघणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, झालेल्या अभ्यासाने अशा घरांना "स्काइप कुटुंबं" हे नाव दिलं, आणि या नियमामुळे आई किंवा वडिलांपासून तुटलेल्या मुलांची संख्या पंधरा हजारांपर्यंत असावी असा अंदाज मांडला. तेव्हा आकडा १८,६०० होता. २०१७ च्या फेब्रुवारीत इथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः बेकायदा नाही, पण मुलांच्या हिताचा विचार करण्याचं सरकारचं जे कायदेशीर कर्तव्य आहे ते नियमांत नीट उतरलेलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियम बदलले, आणि अगदी असह्य परिस्थितीत उत्पन्नाचे इतर मार्ग बघण्याची तरतूद आली. ती अपवादासाठी आहे. तिच्या भरवशावर फी भरायचं माझं धाडस होत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये त्या वेळच्या सरकारने जाहीर केलं होतं की आकडा ३८,७०० पर्यंत नेणार. २९,००० ही फक्त पहिली पायरी होती. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं, पुढची वाढ थांबली, आणि स्थलांतराच्या नियमांवर सरकारला सल्ला देणाऱ्या मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीला अभ्यास करायला सांगितलं गेलं. यंदा जूनमध्ये त्यांचा अहवाल आला. ३८,७०० चा आकडा धरू नका असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे. किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला जोडीदार आणता यावा असं वाटत असेल तर आकडा २३ ते २५ हजारांच्या दरम्यान ठेवा, असाही पर्याय दिला आहे. मुलं असलेल्या घरांसाठी आकडा आणखी वाढवू नका, असंही. आज किमान वेतन तासाला १२.२१ पौंड आहे. आठवड्याला साडेसदतीस तास केले तर वर्षाचे चोवीस हजारही पुरते होत नाहीत. म्हणजे केअर होममध्ये, दुकानात, शाळेच्या किचनमध्ये दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या आपल्या बायकांना आजच्या नियमात हा मार्गच नाही, रजा घेतलेली असो वा नसो. माझ्याकडे निदान चुकायला एक दार तरी होतं.

कमिटीचं काम शिफारस करण्याचं. निर्णय सरकारचा, आणि तो अजून झालेला नाही. म्हणून मी तुमच्याकडे आले आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही सांस्कृतिक मंडळ, राजकारणात पडत नाही. मी हे वाक्य ऐकलेलं आहे. लंडनमध्ये मराठी माणसांनी १९३२ साली मंडळ काढलं. तेव्हा बोटीने येणाऱ्याला उतरायला जागा, जेवायला घरचं जेवण आणि कागदावर सही कुठे करायची हे सांगणारं माणूस हवं असायचं. आपल्या माणसाला नव्या देशात टेकायला मदत करणं यात कसलं राजकारण? आजच्या सुनेला, लेकीला, कोणाला बोलावणाऱ्या मुलाला तीच मदत हवी आहे. जागा तिला मिळते. कागदाचं सांगणारं खात्रीचं माणूस मिळत नाही.

म्हणून पहिली विनंती. यंदाच्या गणेशोत्सवात, आरतीनंतर सूचना देतात तेव्हा, दोन मिनिटं मोठ्याने सांगा: ज्यांना जोडीदाराला बोलवायचं आहे आणि बाळंतपणाची रजा येणार आहे किंवा चालू आहे, त्यांनी रजेचा फॉर्म भरण्याआधी, तास कमी करण्याआधी, नोंदणीकृत सल्लागाराला विचारावं. रजा संपायची वाट बघू नये. इथे इमिग्रेशनचा सल्ला द्यायला सॉलिसिटर तरी असावं लागतं किंवा नोंदणी तरी लागते. नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं नाव जानेवारीपासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी झालं आहे, आणि तिच्या यादीत आपल्या गावाजवळचा सल्लागार शोधता येतो. एवढं सांगायला राजकारण लागत नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये हे कोणी माइकवर सांगितलं असतं तर माझी लेक आज फोनच्या मागे जाऊन बघत नसती.

जमलं तर एका दिवसासाठी अशा सल्लागाराला बोलवा. एक टेबल, चार खुर्च्या, हॉलच्या कोपऱ्यात, जिथे बाळाला घेऊन बसता येईल आणि शेजारचं ऐकणार नाही अशी जागा. बायका या गोष्टी चारचौघांत विचारत नाहीत. पगार किती, बचत किती, नवरा का आला नाही, हे सगळं घरातलं. मी काकांना विचारलं तेव्हाही आवाज खाली ठेवूनच विचारलं होतं.

दुसरी विनंती मोठी आहे. सगळ्या मंडळांनी मिळून एक पत्र लिहावं, आपापल्या भागातल्या खासदारांना आणि गृहखात्याला. मी माझ्या खासदारांना लिहिलं आहे. एकटीचं पत्र ते एकटीचंच. मंडळाच्या लेटरहेडवरचं, पाचशे कुटुंबांच्या वतीने गेलेलं पत्र वेगळं. मागणी अवाजवी नाही. बाळंतपणाच्या रजेआधीचा पगार, कामावर परतल्यावरही किमान वर्षभर धरावा, त्या वर्षात बाळासाठी तास कमी केले तरी. बिनपगारी आठवडे कोणत्याही हिशोबात बाईच्या विरुद्ध जाऊ नयेत. येणाऱ्या जोडीदाराला इथे पक्की नोकरी मिळाल्याचं पत्र असेल तर पहिल्या अर्जात त्याला किंमत द्यावी. आणि मातृत्वरजेची ती तरतूद नियमांच्या परिशिष्टात पुरलेली आहे, ती सरकारच्या साध्या माहितीपानावर, पहिल्याच पडद्यावर, साध्या भाषेत आणावी. शेवटची मागणी मान्य करायला सरकारला एक पौंडही खर्च नाही.

हेच सरकार १ सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी, काम करणाऱ्या पालकांना आठवड्याला नर्सरीचे तीस तास फुकट देणार आहे, आयांना कामावर परतता यावं म्हणून. हे चांगलं पाऊल आहे, आणि मी त्याच्यावरच उभी आहे. पण जी आई परतते आहे तिच्या परतण्याचं पहिलं वर्ष मोजायचंच नाही, किंवा तिच्या विरुद्ध मोजायचं, हे त्या पावलाशी जुळत नाही. खासदारांना हे पटवून देता येईल असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पत्राशिवाय होऊ शकते. मंडळात आल्यावर "मिस्टर अजून आले नाहीत?" असं विचारू नका. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, मला कळतं. पण अठरा महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेलेच नाही. आमचं भांडण झालेलं नाही. त्याला यायचं नाही असंही नाही. "मग तूच का नाही जात परत?" हेही विचारतात. दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिले तर माझं आयएलआर जातं. अकरा वर्षांचं काम इथे आहे. लेक ब्रिटिश नागरिक म्हणून जन्मली आहे. आणि समजा यातलं काहीच नसतं, तरी आपल्या मुलीच्या बापाबरोबर ती जन्मली त्या देशात राहायचं आहे, एवढी इच्छा बाईला असू नये का?

माझं पुढचं ठरलं आहे. १ सप्टेंबर, सोमवारपासून मी पुन्हा पाच दिवस कामावर. त्याच दिवशी लेक पाच दिवस नर्सरीत. फेब्रुवारीच्या शेवटी पूर्ण पगाराच्या सहा पे-स्लिपा होतील. मार्चमध्ये अर्ज. तोवर ती दोन वर्षांची झालेली असेल. तिच्या तापात, खोकल्यात बिनपगारी सुट्टी घेण्याआधी मला प्रत्येक वेळी कॅलेंडर बघावं लागेल. सासूबाईंना मी सांगितलं आहे, जमिनीला हात लावायचा नाही.

गणपतीच्या पाचही दिवशी संध्याकाळी सहानंतर मी मोकळी आहे. तुमच्यापैकी कोणत्याही मंडळाने टेबल मांडायचं ठरवलं, रेडिंगहून ट्रेनने तासाभरात पोचता येईल अशा ठिकाणी, तर मी येते. सल्ला देणार नाही, मला तो देता येत नाही. बायकांची नावं लिहून घेईन, त्या आत बोलत असतील तोवर त्यांची बाळं सांभाळेन. पंचवीस पौंडांची घडीची दोन टेबलं माझ्याकडे आहेत, लेकीच्या बारशाची. तीही आणते.

कळावे. उत्तराची वाट बघते.

आपली,
मंडळाची एक सभासद